आठवड्याच्या टाकीत मँडरिन

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल तर पुढे सरका, राग नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, जरा येतेस का? चिरंजीवांचा नवा मासा काही खातच नाहीये. रडून रडून हैराण केलंय त्यानं." गेले. सहावीतला मुलगा काचेला नाक लावून बसलेला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडकाचे चार तुकडे, निळा लाइट आणि एक मँडरिन. बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर केशरी-हिरव्या वळणदार रेघा. ज्यांनी एकदा पाहिलाय ते विसरत नाहीत. पण याचं पोट आत गेलेलं आणि डोक्यामागचं हाड वर आलेलं.

टाकी कधीची? "मागच्या रविवारी तर आणली."

वर जाऊन टेस्ट किट घेऊन आले. अमोनियाची (माशाच्या घाणीतून होणारं विष) नळी पिवळी राहायला हवी, ती हिरवीगार. खारटपणा १.०२५ च्या आसपास हवा, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दिसला १.०३०. का? तर दुकानदारानं सांगितलं होतं, पाणी कमी झालं की मिठाचं पाणी भरा. अहो, वाफ पाण्याची होते, मीठ आतच राहतं! मिठागरांच्या मुंबईत धंदा करता आणि हे माहीत नाही? माहीत असणारच. सांगायला वेळ नव्हता, कारण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

मँडरिन दिवसभर खडकावरून फिरत एकेक कोपेपॉड टिपून खातो. कोपेपॉड म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव. ते जुन्या, मुरलेल्या टाकीत खडकाच्या भेगाभेगांत वाढतात. नव्या टाकीत नसतात. दाणे तो बहुतेक वेळा तोंडातही घेत नाही. म्हणजे या पोराला दुकानातून मासा मिळाला तेव्हाच त्याची उपासमार ठरलेली होती. आणि त्याला सांगितलं काय? "दाणे खाईल, बाटलीतले बॅक्टेरिया ओत आणि आजच सोड."

मी अकरावीत असतानाची गोष्ट सांगते, कारण आज सारखी तीच आठवतेय. दिवाळीचे आणि भाऊबीजेचे पैसे जमवून क्रॉफर्ड मार्केटला गेले होते, खास मँडरिन घ्यायला. तिथे एक चाचा होते. छोटं दुकान, समोर पिशव्या टांगलेल्या, आत अंधार आणि दोन खाऱ्या पाण्याच्या टाक्या. मी मासा दाखवला. त्यांनी जाळी हातात घेतली आणि विचारलं, "टंकी कितने महीने की है?" मी म्हटलं दोन. "पत्थर कितना?" मी सांगितलं. त्यांनी जाळी परत खिळ्याला टांगली. "नहीं दूँगा बेटा. साल भर बाद आना." मी पैसे पुढे केले. त्यांनी माझी मूठ माझ्याच हातानं मिटवली.

सीएसएमटीहून डोंबिवलीपर्यंत मी धुमसत आले होते. मुलगी आहे म्हणून नाही दिला, असंही वाटलं, कारण दुसऱ्या दुकानांत मला उत्तर देताना लोक सोबत आलेल्या बाबांकडे बघून बोलायचे. आता कळतं की त्या अख्ख्या बाजारात मला हॉबीइस्ट, म्हणजे मनापासून टाकी सांभाळणारी, म्हणून वागवणारे ते एकटेच होते.

हो, दुकानदारांना भाडं भरायचं असतं, विजेचं बिल असतं, मेलेला मासा त्यांच्या खात्यात जातो, मान्य. पण म्हणून अकरा वर्षांच्या पोराला?

बरं, मुलाची चूक नाही. आई-बाबांची तर अजिबात नाही. त्यांनी विचारून घेतलं, सांगितलं तसं केलं. तरी घरी आल्यावर आमच्याच एका नातेवाईकांनी फोनवर ऐकवलं, "मासाच ना? एवढं काय मनाला लावून घ्यायचं. आपण खातो की रोज." खातो. मीही सुरमई खाते. पण ताटातला मासा आणि काचेत उपाशी ठेवलेला मासा यात फरक आहे, आणि तो कळायला झूऑलॉजी शिकायची गरज नाही. (मी बीकॉमला आहे. दर वेळी लोकांना आश्चर्य वाटतं, म्हणून सांगून ठेवलं.)

"मग पाळताच कशाला, समुद्रात राहू द्या ना" असं कमेंटमध्ये येणारच. या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मँडरिन पश्चिम पॅसिफिकमधला, बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेला. फिलिपिन्समध्ये तर १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइड फवारत आले. हे वाचल्यावर मी समुद्रातून पकडलेला मासा घेणं बंद केलं. क्लाऊनफिश आता हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करतात तिथे होतात. आपल्या ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननं ते वाढवायचं काम सुरू केलंय. हॅचरीतली जोडी घ्या, ती दाणे खाते, लहान टाकीत रमते. सगळी पिल्लं नर जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, हे समोर घडताना बघणं यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास मला तरी कुणी दिला नाही.

आणि प्रवाळ. यावर तर मला ओरडावंसं वाटतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघ आहे त्याच यादीत, सगळे कडक प्रवाळ आहेत. समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडे आहेत. तरी दुकानात हळूच विचारतात, "आत माल आहे, दाखवू?" माल! आपल्याला वाटतं प्रवाळ म्हणजे अंदमान नाहीतर लक्षद्वीप. मालवणला सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला आहेत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. आणि मुंबईत, हाजी अलीच्या खडकांवर, आपण जिथे कचरा टाकतो तिथे आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती परवानगी काढून उचलल्या आणि दुसरीकडे लावल्या. एका रस्त्यासाठी सरकारला एवढं करावं लागतं, आणि इथे कुणीतरी छिन्नीनं तोडून पिशवीत भरून देतो.

माझ्या टाकीत म्हणून एकही कडक प्रवाळ नाही. मऊ प्रवाळ आहेत: मशरूम आहेत, झोअँथिड आहेत, एक लेदर आहे. तेही दुसऱ्या हॉबीइस्टकडच्या टाकीत वाढलेले, फ्रॅग करून, म्हणजे तुकडा कापून दिलेले. रील्सवाले याला रीफ म्हणत नाहीत. नका म्हणू. रात्री लाइट गेला की लेदर मिटतो, सकाळी हळूहळू एकेक पॉलिप बाहेर काढतो, मी ब्रश करत उभी असते आणि आई ओरडते की ट्रेन चुकेल.

पैशांचंही बोलते, कारण सगळे तेच विचारतात. महाग आहे, हो. पाणी थंड ठेवणारा चिलर माझ्याकडे नाही, परवडत नाही. मे महिन्यात पाण्यावर दोन छोटे पंखे लावते, त्यानं तापमान दोन-तीन डिग्री उतरतं, पण पाणी भराभर उडतं, म्हणून रोज रात्री आरओचं गोडं पाणी भरायचं. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी, रात्री थेंब थेंब सोडायची. यातलं काहीच अवघड नाही. फक्त रोज करावं लागतं, परीक्षा असली तरी आणि गणपती असले तरी. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वसायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ रिकामी टाकी बघत बसायचं. हे ज्याला जमतं त्याला सगळं जमतं, मग तो सहावीत असो की साठीत.

चाचांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मला हाकलताना त्यांनी थांबवलं, आपल्या टाकीखालच्या संपमध्ये (पाणी गाळायची दुसरी टाकी) कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर खडकाचा चुरा काढला. काळा, चिखलाळ, वास येणारा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला. "ये डाल दे. पैसा नहीं." मला तो कचरा वाटला होता. महिन्याभरानं रात्री टॉर्च मारला तर काचेवर पांढरे ठिपके पळत होते. नंतर मँडरिन घ्यायला मी गेलेच नाही. तोवर इतकं वाचलं होतं की विकत घ्यावासा वाटला नाही. मार्केटला पुन्हा गेले तेव्हा ते दुकान नव्हतं. तिथे मोबाइल कव्हरं टांगलेली होती.

ते ठिपके आजही माझ्या टाकीत आहेत, आणि त्यांच्या जिवावरच आज खालचा मासा मी वर आणला. बादलीत ठेवून, एअर पंपाच्या नळीला गाठ मारून, थेंब थेंब पाणी सोडत खारटपणा उतरवला. तो मुलगा पूर्णवेळ बादलीशेजारी मांडी घालून बसला. टाकीत सोडल्यावर मासा खडकाखाली गेला, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन टिपायला लागला. वाचेल की नाही, माहीत नाही. एवढा खंगलेला मासा बरेचदा वाचत नाही, आणि हे मी त्या मुलाला तसंच सांगितलं. खोटं नाही बोलले. त्यानं विचारलं, "ताई, म्हणजे मी मारला?" तिथे माझा बांध फुटला. नाही रे राजा. तुला ज्यानं विकला त्यानं.

आता शांत झालेय थोडी. त्याची टाकी रिकामीच चालू ठेवायला सांगितलंय. जीवाणू वसावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, दर शनिवारी माझ्यासोबत टेस्ट करायची, वहीत रंग लिहायचे. वही त्यानं लगेच आणली, कव्हरसुद्धा घातलं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की हॅचरीतली क्लाऊनची जोडी बघू. काकूंनी दुकानात फोन केला होता. "मासा जिवंत दिला होता" एवढं उत्तर आलं.

डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण या पट्ट्यात कुणी खाऱ्या पाण्याची टाकी लावणार असेल, विशेषतः शाळा-कॉलेजातली मुलं, तर काहीही विकत घेण्याआधी मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, किट घेऊन येईन. पैसे नकोत. टाकी जुनी झाली की संपमधला चुरा न्यायला या. येताना झाकणाचा डबा आणा आणि दुपारच्या उन्हात येऊ नका, आतले जीव मरतात.