इओसिनोफिल, आयव्हरमेक्टिन आणि माझी धाकटी जाऊ

परवा रात्री साडेअकराला पुतण्याचा मेसेज आला. "मोठी आई, हे पहा नं. आईला द्यायचं का?" खाली एक व्हिडिओ. कॅन्सर म्हणजे मुळात शरीरात शिरलेला परजीवी, कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय, आयव्हरमेक्टिन आणि फेनबेंडाझोल ही जंतांची औषधं घ्या आणि केमोला रामराम ठोका. सांगणारा माणूस पांढऱ्या कोटात, गळ्यात स्टेथोस्कोप.

माझ्या धाकट्या जावेला यंदा स्तनाचा कॅन्सर निघाला. ट्रिपल निगेटिव. म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू नाहीत, हर-टू या प्रथिनावरची इंजेक्शनं लागू नाहीत, केमो घेणं आलंच. पोरगं चोवीस वर्षांचं. रात्र रात्र फोनमध्ये डोकं घालून आईला वाचवायची वाट शोधतंय. त्याच्यावर रागवायचं माझ्या मनात आलं नाही. उत्तर मात्र फोनवर मावेना, म्हणून इथे लिहिते. अशी पोरं घरोघरी असतील.

मी डॉक्टर नाही. वर्धा जिल्ह्यात एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. जंत हा माझा रोजचा धंदा होता. अंकुशकृमी, गोलकृमी, आणि आमच्या विदर्भाची खास ओळख म्हणजे हत्तीरोग. ज्यांनी तो सर्व्हे केलाय त्यांना आठवेल, रात्री जेवणं झाल्यावर गावात जायचं आणि झोपेतून उठवून लोकांच्या बोटाला सुई टोचायची. कारण मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीची बारीक पिल्लं, दिवसा फुप्फुसांच्या बारीक नसांमध्ये दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, वरच्या रक्तात उतरतात. लोक शिव्या घालायचे, आम्ही ऐकून घ्यायचो.

तर स्तन आणि परजीवी यांची माझी पहिली गाठ तिथलीच. नोकरीची चारेक वर्षं झाली असतील. पस्तिशीतली एक बाई, स्तनात गाठ, घरचे सगळे रडून रडून सुकलेले. सुईची तपासणी झाली, स्लाइड मी रंगवली. काचेखाली कॅन्सरच्या पेशी नव्हत्याच. इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या एका तऱ्हेच्या पांढऱ्या पेशी, त्यांच्या गर्दीत एक वळणदार, आवरणातला मायक्रोफायलेरिया पडला होता. गाठ हत्तीरोगाची निघाली. आमच्या मॅडमनी चारदा पाहिलं, मग त्या नवऱ्याला आत बोलावलं. त्याला कळेचना की हसावं की काय करावं. अशा केसेस आपल्याकडे नवलाच्या नाहीत, हत्तीरोग असलेल्या भागात पॅथॉलॉजिस्ट ही शक्यता डोक्यात ठेवूनच असतात.

हे सांगायचं कारण असं की व्हिडिओवाले जिथून धागा उचलतात तो धागा अगदीच खोटा नाही. काही कृमींमुळे माणसाला कॅन्सर होतो, आणि हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मान्य केलंय. रक्तात राहणारा शिस्टोसोमा हिमाटोबियम मूत्राशयाचा कॅन्सर करतो, इजिप्तनं तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला. थायलंडमध्ये कच्ची गोड्या पाण्यातली मासळी खाल्ल्यानं यकृतात चपटे कृमी जातात आणि पित्तनलिकेचा कॅन्सर होतो. (कोकणवाल्यांसाठी: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली शिस्टोसोमाचे रुग्ण सापडल्याची नोंद आहे. भारतात हा प्रकार विरळा.) पण त्या यादीत स्तनाचा कॅन्सर नाही. आणि मूत्राशयाच्या केसमध्येसुद्धा कृमी म्हणजे कॅन्सर नव्हे. कृमीची अंडी वर्षानुवर्षं एकाच जागी सूज ठेवतात, त्या सुजेत आपल्याच पेशी बिघडतात. एकदा बिघडल्या की कृमी मारून त्या परत सुधारत नाहीत.

परजीवीनं कॅन्सर होतो या कल्पनेला तर एकदा नोबेलही मिळालंय. डेन्मार्कचे योहानेस फिबिगर. झुरळांतून उंदरांच्या पोटात जाणारा एक कृमी जठराचा कॅन्सर करतो असं त्यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि १९२६ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना दिलं गेलं. पुढे कळलं की त्या उंदरांच्या खाण्यात अ जीवनसत्त्व कमी होतं, आणि त्या गाठी बहुतेक कॅन्सरच्या नव्हत्याच. नोबेलवाले चुकले तर पांढरा कोट घातलेला यूट्यूबवाला चुकणार नाही का?

मग जंतांचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा काहीच संबंध नाही? आहे. फक्त तो जंतात नाही, जंताशी लढणाऱ्या आपल्या फौजेत आहे.

शरीराला दोन तऱ्हेची लढाई येते असं समजा. विषाणू किंवा बिघडलेली पेशी असेल तर मारेकरी टी पेशी पाठवायच्या. जंतासारखा मोठा पाहुणा असेल तर दुसरी तऱ्हा: आयजीई नावाची प्रतिपिंडं, श्लेष्मा आणि इओसिनोफिल. जंत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि टिकून राहायला यजमानाची फौज थंड करत जातो. फौजेला लगाम घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी वाढवतो, आवर घालणारे संदेश सोडतो. कॅन्सरची गाठही थोडीफार हीच चाल खेळते. म्हणून संशोधकांना प्रश्न पडला की दोघं एकाच घरात आले तर काय? मेक्सिकोतल्या एका गटानं उंदरांना कुत्र्यांच्या टॉक्सोकारा या जंताची लागण केली, मग स्तनाच्या गाठीच्या पेशी दिल्या. लागण झालेल्या उंदरांत गाठी जास्त वाढल्या. उंदीर म्हणजे माझी जाऊ नव्हे, हे मान्य. पण दिशा बघा: जंतानं गाठीला हात दिला असेल तर फौज थंड करून.

आणि दुसऱ्या बाजूनं मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इओसिनोफिल! आम्ही टेक्निशियन मंडळी आयुष्यभर या नारिंगी दाणेदार पेशी मोजत आलो. रिपोर्टात सात-आठ टक्के दिसल्या की डॉक्टर म्हणणार, "अ‍ॅलर्जी नाहीतर जंत, अल्बेंडाझोल द्या." संपला विषय. पण नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की पसरलेल्या ट्रिपल निगेटिव कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीचा, म्हणजे आपल्याच फौजेला गाठीवर सोडणाऱ्या औषधांचा, ज्या बायकांना उपयोग झाला त्यांच्या रक्तात उपचारादरम्यान इओसिनोफिल वाढलेले होते. उंदरांत इओसिनोफिल काढून टाकले तर औषधाचा फायदाच गेला. टी पेशी इंटरल्युकिन-पाच नावाचा रासायनिक संदेश सोडतात, त्यानं इओसिनोफिल येतात, आणि ते मारेकरी टी पेशींना मदत करतात. जंतांसाठी ठेवलेली तुकडी कॅन्सरच्या लढाईत उतरते! याचा अर्थ मुद्दाम जंत पाळा असा कृपा करून काढू नका. ती तुकडी आपली आहे, जंताची देणगी नाही.

गाठीत स्वतःच्या पेशी किती शिरल्यात हे तर साध्या स्लाइडवर दिसतं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा तोच जुना जांभळा-गुलाबी रंग, वेगळं यंत्र नको. त्याला टीआयएल म्हणतात, गाठीत घुसलेले लिम्फोसाइट. ट्रिपल निगेटिवमध्ये ते जितके जास्त तितका निकाल बरा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केमो न घेतलेल्या १,९६६ बायकांच्या जुन्या स्लाइड्स तपासल्या. पहिल्या टप्प्यातल्या ज्यांच्यात टीआयएल ५० टक्के किंवा जास्त होते, त्यांच्यापैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही दूरवर कॅन्सर न पसरता होत्या. ३० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांत हा आकडा ७८. गंमत म्हणजे हार्मोनवर चालणाऱ्या प्रकारात गणित असं सरळ नाही, तिथे जास्त लिम्फोसाइट म्हणजे चांगलंच असं म्हणता येत नाही. (हे वाचून कुणी केमो सोडू नका. तो निर्णय या एका आकड्यावर होत नाही.)

आता आयव्हरमेक्टिनकडे येते. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, आणि ते सार्थ होतं. नदीकाठच्या आंधळेपणापासून आणि हत्तीपायापासून कोट्यवधी लोकांना त्यानं वाचवलं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कॅन्सरच्या पेशीही मारतं. पण बशीत पुष्कळ गोष्टी पेशी मारतात. फेनबेंडाझोल तर जनावरांचं औषध, ते स्वतःहून घेऊन यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि केमोचं बरंचसं काम यकृतावरच पडतं.

तरीही कॅन्सरच्या पेशंटला आयव्हरमेक्टिन खरोखर लागू शकतं अशी एक जागा आहे, आणि ती एकाही व्हिडिओत नाही. स्ट्राँगिलॉइडिस. अनवाणी शेतात चालणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून आत शिरणारा बारीक जंत. हा बाकीच्यांसारखा नाही, शरीरातल्या शरीरात स्वतःची पुढची पिढी काढतो, वीस-तीस वर्षं गुपचूप राहतो. केमोबरोबर डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, देतात, उलटी होऊ नये म्हणून, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून. स्टिरॉइडनं फौज आवरली की हा जंत उधळतो, आतड्यातले जिवाणू अंगावर घेऊन सगळीकडे पसरतो, आणि मग माणूस जातो. डॉक्टरांना वाटतं केमोमुळे इन्फेक्शन झालं. एका वेळच्या शौच तपासणीत तो सुटतो. इओसिनोफिलवर भरवसा ठेवावा तर स्टिरॉइड चालू झालं की तेही खाली येतात. शाळेत वर्षातून दोनदा देतात ती अल्बेंडाझोल त्याच्यावर कमजोर पडते.

माझी जाऊ लग्नाआधीपासून धानाच्या बांधीत अनवाणी उभी राहिलेली बाई. ओपीडीत तिला उंची, वजन, बीपी, साखर, मुलं किती, सगळं विचारलं. पायात चप्पल असायची का, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं तर रेसिडेंट पोरगी म्हणाली, "मावशी, त्याचा काय संबंध?" तिचाही दोष नाही, दिवसाला शंभर पेशंट. माझ्या मते ग्रामीण भागातून आलेल्या प्रत्येक बाईला स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. स्वस्त आहे, फुकटच.

आम्ही तीन दिवसांचे शौचाचे तीन नमुने दिले. तिन्ही स्वच्छ. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, इओसिनोफिल पाहिले, केमो सुरू केली. दोन सायकल झाल्या. केस गेले, तोंडाला चव नाही, पण अंबाडीची भाजी मागून खाल्ली.

पुतण्याला मी व्हिडिओऐवजी एक काम दिलं. आईच्या बायोप्सीच्या रिपोर्टात टीआयएलची ओळ आहे का बघ म्हटलं. नव्हती. त्यानं लॅबला फोन लावला, दोनदा बोलणी खाल्ली, तिसऱ्यांदा पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः स्लाइड परत काढून पाहिली. ३५ टक्के.

जाऊ म्हणाली, "ताई, हे चांगलं का वाईट?"

"मधलं," मी म्हटलं. ती म्हणाली, मग पोळ्या टाकते, आणि उठली. मी तिला खाली बसवलं आणि पोळ्या मी टाकल्या.