डोमेन कोणाच्या नावावर आहे?

आज सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावतो न लावतो तोच एका जुन्या ग्राहकाने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. मोठी कंपनी, महिन्याला एकोणसाठ रुपयांत होस्टिंग (म्हणजे वेबसाइट आणि मेल ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा), जागा अमर्याद, ईमेल अमर्याद, डोमेन (म्हणजे वेबसाइटचे आणि ईमेलचे इंटरनेटवरचे नाव) पहिल्या वर्षी फुकट. खाली त्यांचा एका ओळीचा प्रश्न होता, ‘मग तुम्ही कसले पैसे घेता?’ पुढे हसरा चेहरा होता, म्हणून मीही हसरा चेहरा पाठवून मोकळा झालो. पण दुपारपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना.

सांगलीत विश्रामबागच्या एका गाळ्यात माझा होस्टिंगचा छोटा व्यवसाय आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाणावाले, मिरजेतले काही डॉक्टर आणि सतार-तंबोरे बनवणारी दोन घराणी, काही शाळा, एक-दोन पतसंस्था असा माझा ग्राहकवर्ग. सर्व्हर गाळ्यात नाही, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी कोठवर चढले ते ज्यांनी पाहिले, त्यांना याचे कारण सांगायला नको.

आता त्या एकोणसाठ रुपयांविषयी. तो दर मिळवण्यासाठी तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात, वर अठरा टक्के जीएसटी असतो, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा दर किती पटींनी वाढतो ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. जागा अमर्याद असते, पण किती फायली ठेवायच्या यावर मर्यादा असते. तिला आमच्या धंद्यात आयनोडची मर्यादा म्हणतात, आणि आलेला प्रत्येक मेल ही तेथे एक फाइल धरली जाते. दहा वर्षांचा पत्रव्यवहार जपून ठेवणाऱ्या अडत दुकानाला ही मर्यादा केव्हा गाठली ते मेल यायचे थांबल्यावरच कळते. ‘९९.९ टक्के चालू’ ही हमी ऐकायला भक्कम वाटते. तिचा हिशेब मांडला तर वर्षाकाठी पावणेनऊ तास सर्व्हर बंद राहिला तरी हमी मोडत नाही, आणि मोडलीच तरी भरपाई म्हणून बहुधा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. हे सारे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ग्राहक ज्यासाठी खरोखर पैसे मोजतो, त्याचा या जाहिरातीत उल्लेखसुद्धा नाही.

ग्राहक खरोखर काय शोधतो, हे मला एका बेदाणा व्यापाऱ्याने शिकवले. हे काका माझे ग्राहक नव्हते. दिवाळीआधीच्या मागणीच्या दिवसांत एका दुपारी ते प्लास्टिकची पिशवी घेऊन गाळ्यात आले आणि त्यांनी टेबलावर एकेक कागद मांडला: वेबसाइट करून दिल्याची हातपावती, छापील व्हिजिटिंग कार्ड, आणि बेदाण्याच्या खोक्याचा कापून आणलेला एक पुठ्ठा, ज्यावर त्यांचा ईमेल पत्ता ठळक निळ्या अक्षरांत छापलेला होता. त्या पत्त्यावर पाठवलेले मेल चार दिवसांपासून परत जात होते, आणि वेबसाइटच्या जागी कसल्यातरी जाहिराती दिसत होत्या. इंदूरच्या व्यापाऱ्याने फोन करून विचारले होते, ‘धंदा बंद केलात की काय?’

डोमेनची मुदत संपली होती. वेबसाइट करणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतले होते, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या ईमेलवर जात होत्या. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला, नंबर बदललेला. काकांनी नोंदणी कंपनीला फोन केला, तर ‘खातेदार तुम्ही नाही, त्यामुळे आम्ही काही सांगू शकत नाही’ असे उत्तर मिळाले. नियमाने ते बरोबरच होते, आणि म्हणूनच जास्त चीड आणणारे होते. पंधरा वर्षे ज्या नावाने माणूस माल विकतो, त्या नावावर त्याचाच हक्क कागदावर नसावा?

तेव्हा त्यांनी मला जागा किती, बँडविड्थ किती, यातले काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘हे कुणाच्या हातात आहे, आणि त्याला गाठायचं कसं?’ माझ्या अनुभवात ग्राहकाचे खरे प्रश्न हेच असतात. दर तो विचारतो, कारण दर विचारणे सोपे असते. पण मनात असते ते हे, की अडचण आली तर समोर माणूस सापडेल का, आणि उद्या आपले बिनसले तर आपले आपल्याला परत मिळेल का.

येथे मला माझ्याच व्यवसायबंधूंचा राग येतो. ग्राहकाचे डोमेन स्वतःच्या नावावर ठेवायचे, आणि तो दुसरीकडे जायला निघाला की ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द) द्यायला आठवडेच्या आठवडे लावायचे, याला काही जण व्यवसायकौशल्य समजतात. भाडेकरूच्या नावावरचे विजेचे बिल घरमालकाने स्वतःच्या नावावर फिरवून घेतले तर आपण त्याला काय म्हणू? कोड मागितला की त्याच दिवशी द्यावा, बाकी असेल तर ती वेगळी मागावी.

तो मुलगा मात्र लबाड नव्हता, हेही लिहिले पाहिजे. पलूसकडच्या त्याच्या मामांकडून नंबर मिळाला, रात्री त्याने फोन उचलला, आणि काकांचा आवाज ऐकून तो बिचारा इतका ओशाळला की मलाच अवघडल्यासारखे झाले. त्या वेळी काकांकडे ईमेलच नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा घातला होता. त्याने ओटीपी सांगितला, आम्ही खाते उघडले. डॉट कॉमची मुदत संपल्यावर साधारण महिना-दीड महिना नेहमीच्या दरात ते परत मिळू शकते, त्यानंतरच्या तीस दिवसांत दंडासह मिळते, आणि त्यापुढे ते बाजारात कोणालाही घेता येते. आम्ही पहिल्याच टप्प्यात होतो, म्हणून दंड वाचला. काकांनी नंतर होस्टिंगही माझ्याकडे आणले, पण दर विचारायला ते आजतागायत विसरलेले नाहीत.

मोठ्या कंपन्यांची यंत्रणा आमच्यापेक्षा भक्कम असते, हे मान्य. एकट्या माणसाच्या दुकानाला कुलूप लागले तर ग्राहकाने कोठे जायचे, हाही प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरते उत्तर असे की डोमेन आणि रात्रीच्या बॅकअपची प्रत ग्राहकाच्याच खात्यात असते.

बॅकअपवरून आठवले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली, तेव्हा बॅकअपही तेथेच ठेवलेल्या अनेकांचे सर्वस्व एका रात्रीत गेले. सांगलीकरांना यात नवल वाटू नये. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद सुखरूप राहिली आणि २००५ च्या महापुराने त्या पेवांत पाणी भरले. पेव किती खोल आहे, असे हळद ठेवणारा व्यापारी कधी विचारत नसे. पेव कोणाचे, मालक शब्दाला कसा, आणि खाली ओल येते का, एवढे तो पाहत असे. त्याच व्यापाऱ्याचा नातू आज मला ‘अमर्याद जीबी’ची जाहिरात पाठवतो, तेव्हा काय बोलावे?

रागावलो खरा, पण दराची तक्रार अगदी निराधार नाही. २०१९ मध्ये सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी) परवान्याचे शुल्क खात्यांच्या संख्येवर लावले आणि आमच्यासारख्या लहान दुकानांचा खर्च वाढला. तो थोडाफार ग्राहकावर पडलाच. जुन्या कागदावरची रक्कम आणि आजची रक्कम शेजारी ठेवून कोणी विचारले तर उत्तर देणे माझे काम आहे. दुसरीकडे एसएसएल प्रमाणपत्र (ज्यामुळे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित राहते) लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य सेवेमुळे २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळू लागले, तरी त्याचे वेगळे पैसे लावणारी दुकाने अजून आहेत. कोणी मागितलेच, तर तेथे भांडा.

बाकी कोणाकडून होस्टिंग घ्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे; पण हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने, डॉक्टरने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी या आठवड्यात एक काम करावे. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवले आहे त्या खात्यात प्रवेश कोणाच्या ईमेलने होतो आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, ते पाहावे. इंटरनेटवरच्या नोंदीत मालकाचे नाव हल्ली बहुधा झाकलेले असते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. तो ईमेल ‘पोराने काढून दिलेला’ असेल तर बदलून घ्यावा, मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहावी. जमत नसेल तर कागद घेऊन गाळ्यावर या, तुमचे होस्टिंग माझ्याकडे नसले तरी पाहून देईन. दुपारी दोन ते चार मात्र दुकान बंद असते.