केल्विन जास्त म्हणजे उजेड जास्त? त्या फॉरवर्डमधल्या सहा चुका

बल्ब कसा निवडायचा याचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय की जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड, केल्विन जितके जास्त तितका बल्ब प्रखर, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 80 म्हणजे उन्हातले 80 टक्के रंग खरे दिसतात, ल्युमेन आणि लक्स एकच, टॉर्च घेताना फक्त ल्युमेन बघा, आणि खोक्यावर 25,000 तास लिहिलेत म्हणजे तोपर्यंत निश्चिंत. सहाही गोष्टी चुकीच्या आहेत. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण लोक हे वाचून खरंच खरेदी करतात आणि मग वर्षानुवर्षं नको तसल्या उजेडात वाचत बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं वॅटचं. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो, बस. उजेड किती बाहेर पडतो ते ल्युमेन सांगतात. सगळ्यांकडे तारेचे बल्ब होते तेव्हा वॅटवरून उजेडाचा अंदाज यायचा, ती सवय अजून गेलेली नाही. 60 वॅटचा तारेचा बल्ब साधारण 800 ल्युमेन द्यायचा, तेवढाच उजेड आता 8-9 वॅटचा एलईडी देतो. पण दोन कंपन्यांचे 9 वॅटचे एलईडी घेतले तरी एक 700 देईल आणि दुसरा 950, त्यामुळे वॅट बघून काही कळत नाही.

ल्युमेनमध्ये आणखी एक गंमत आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, की ही मोजणी आपल्या डोळ्यांच्या हिशोबाने केलेली आहे. डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो, 555 नॅनोमीटरच्या आसपासचा. त्या रंगाचा 1 वॅट प्रकाश म्हणजे 683 ल्युमेन, आणि 650 नॅनोमीटरच्या लाल रंगाचा तेवढाच 1 वॅट प्रकाश म्हणजे जेमतेम 73. बाहेर पडणारी ऊर्जा तीच, डोळ्याला मात्र नऊपट फरक. डोळ्याची ही सरासरी वक्ररेषा 1924 साली ठरली आणि ल्युमेन आजही तिच्यावरच मोजतात.

आता केल्विन. हा आकडा उजेड किती ते सांगतच नाही, तो पांढऱ्याची छटा सांगतो. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, त्याच कल्पनेवर हे मोजमाप आहे. तारेच्या बल्बची तार खरोखरच 2700 केल्विनच्या आसपास तापलेली असते म्हणून तो पिवळट दिसतो. 6500 केल्विनचा एलईडी मात्र आतून तितका तापलेला नसतो (बल्बची तार ज्याची असते ते टंगस्टनसुद्धा 3695 केल्विनला वितळतं), त्याचा रंग फक्त तेवढ्या तापलेल्या वस्तूसारखा निळसर पांढरा असतो. हेही लक्षात घ्या की ज्याला आपण वॉर्म म्हणतो त्याचं तापमान कमी आणि कूल म्हणतो त्याचं जास्त, गोंधळ तिथूनच सुरू होतो. मेसेजमध्ये एवढं मात्र खरं आहे की तेवढ्याच वॅटमध्ये कूल व्हाइट एलईडी थोडे जास्त ल्युमेन देतो, कारण एलईडीच्या आत जी उजेड देणारी निळी चिप असते तिचा प्रकाश पिवळ्या-लालकडे वळवताना काही वाया जातो आणि वॉर्ममध्ये तो जास्त वळवावा लागतो. पण हा फरक थोडाच असतो आणि तो ल्युमेनच्या आकड्यात दिसतोच.

सीआरआयवर मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात मोठी फसगत इथे होते. सीआरआय टक्केवारी नाहीच. आठ ठरावीक रंगांचे नमुने घ्यायचे, ते या दिव्याखाली आणि एका आदर्श प्रकाशाखाली किती वेगळे दिसतात ते हिशोबाने काढायचं, त्याची सरासरी एका ठरावीक आकड्याने गुणून 100 मधून वजा करायची, असा तो आकडा येतो. टक्केवारी असती तर तो शून्याखाली गेला नसता, पण जुन्या पिवळ्याजर्द सोडियम दिव्यांचा सीआरआय उणे येतो. शिवाय तो आदर्श प्रकाश म्हणजे ऊनच असं नाही. 5000 केल्विनच्या खालच्या दिव्यांना त्याच तापमानाच्या तापलेल्या वस्तूशी ताडून बघतात, म्हणून तारेच्या बल्बला जवळपास 100 मिळतात आणि तरीही त्याच्या उजेडात गडद निळा आणि काळा कपडा ओळखू येत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आणि ते आठही नमुने फिकट, सौम्य रंगांचे आहेत. भडक लाल त्यात नाहीच, तो आर9 म्हणून वेगळा मोजतात. सीआरआय 80 चा एलईडी असेल आणि आर9 शून्याच्या आसपास असेल असं सर्रास होतं, मग लाल वस्तू मळकट आणि माणसाची त्वचा आजारी दिसते. फोटो काढणाऱ्यांनी, रंगकाम करणाऱ्यांनी सीआरआय 90 च्या वर आणि आर9 किमान 50 असा दिवा शोधावा असं मी कळकळीने सांगीन. 2015 मध्ये टीएम-30 नावाची 99 नमुन्यांची पद्धत आली, ती बरीच चांगली आहे, पण खोक्यावर अजून क्वचितच दिसते.

ल्युमेन आणि लक्स एक नाहीत. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघतो तो उजेड ल्युमेन, आणि तुमच्या वहीवर पडतो तो लक्स, एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. छोटा दिवा दुप्पट लांब नेला की लक्स चौथा हिस्साच उरतो, दिवा तोच, ल्युमेन तेच. वाचायला टेबलावर 500 लक्स पुरतात, त्यामुळे छतावर मोठा बल्ब लावण्यापेक्षा छोटा दिवा जवळ आणलेला बरा.

टॉर्चचंही उत्तर यातच आहे. झोत किती लांब जाईल ते कॅन्डेलावर ठरतं, म्हणजे एका दिशेला उजेड किती एकवटलाय त्यावर. टॉर्चच्या खोक्यावरचं मीटरमधलं अंतर म्हणजे जिथे झोत 0.25 लक्सवर येतो ती जागा, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. 10,000 कॅन्डेलाचा टॉर्च 200 मीटर, आणि 400 मीटर हवे असतील तर 40,000 कॅन्डेला लागतात. रुंद झोताचा 1000 ल्युमेनचा टॉर्च अरुंद झोताच्या 500 वाल्यापुढे लांब अंतरावर सहज फिका पडतो.

राहिले 25,000 तास. चांगला एलईडी सहसा एकदम उडत नाही, मंद होत जातो, आणि हे तास बहुतेक वेळा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. तेही चिपचे, आतलं सर्किट बंद झाकणाच्या शेडमध्ये तापून त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतं.