सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

"फोल्डर क्लाउडला सिंक केलं की बॅकअपची काळजी मिटली" हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सिंक म्हणजे लॅपटॉपवरचं फोल्डर आणि क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातली, त्याची प्रत आपोआप सारखी ठेवणं; बॅकअप म्हणजे वेगळी जपून ठेवलेली प्रत. सिंकमध्ये इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने, फाइल कुलूपबंद केली, तर तीच निकामी प्रत वर क्लाउडवर चढते. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल कचरापेटीत 30 दिवसच राहते, निदान एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

मी हे भोगलंय म्हणून लिहितेय. बाबांनी घरातले जुने फोटो आणि शेताचे फेरफार दोन वर्षं बसून स्कॅन केले होते. लॅपटॉपची डिस्क भरली, तेव्हा "वर आहेच की" म्हणून मी ते फोल्डर उडवलं. तीन महिन्यांनी जमिनीच्या मोजणीसाठी फेरफार लागला, तर वरही काहीच नाही, कचरापेटीची मुदत कधीच उलटलेली. फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून पुन्हा मिळाली, पण आजीचे फोटो कुठून आणणार? मूळ प्रिंट तर वाळवीने आधीच खाल्ले होते. आता क्लाउड आहेच, शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका हार्ड डिस्कवर सगळं उतरवते, लगेच केबल काढून कपाटात ठेवते. दुसरी डिस्क साताऱ्याला बहिणीकडे असते. आणि हो, अधूनमधून चार-दोन फाइली उघडूनही बघते.