बटणाला हात लावू नका

आज सकाळी एक मेल आला. विषय होता 'आमच्या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा'. कंपनीच्या मेलमध्ये 'प्रवास' हा शब्द दिसला की समजावं, गाडी इथेच थांबणार आणि सामान आपल्यालाच उतरवायचंय.

तर आमच्या घरात जे सात स्मार्ट दिवे आहेत, त्यांचा सर्व्हर पुढच्या महिन्याच्या अखेरीस बंद होतोय. ॲप बंद, वेळापत्रक बंद, रंग बंद, बोलून लावणं बंद. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथे आता मेल लिहिणाऱ्याशिवाय कोणी उरलंय की नाही देव जाणे. पण त्या मेलची शेवटची ओळ तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. 'काळजी नसावी. भिंतीवरील बटणाने आपले दिवे साध्या दिव्यांप्रमाणे वापरता येतील.'

साध्या दिव्यांप्रमाणे! अहो, साधेच होते की! खट् केलं की लागणारे, खट् केलं की विझणारे. ते काढून तर हे लावले. मीच लावले, चार वर्षांपूर्वी, स्टुलावर चढून. खाली उतरल्यावर घरच्यांना छोटंसं भाषणही दिलं होतं, ते आज आठवून कान गरम होतायत.

मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको, पण माझा दिवस कसा सुरू होतो बघा. डोळे उघडायच्या आत मनगटावरचं घड्याळ सांगतं की तुझी झोप नीट झालेली नाही. (मला छान वाटत असतं. गुण वाचले की लगेच दमल्यासारखं होतं.) मग टूथब्रश म्हणतो, नवीन अपडेट आहे. झाडू मारणारा रोबो बाथरूमच्या पायपुसण्यात अडकून मदतीसाठी फोनवर संदेश पाठवतो. वजनकाटा माझं वजन मला दाखवायच्या आधी वाय-फायवरून कुठेतरी कळवतो. आणि मी या सगळ्यात सुखी असते, हे कबूल करते. नवा खोका उघडताना तो प्लास्टिकचा पापुद्रा हळूच सोलायचा आनंद ज्यांना कळतो तेच माझ्या यादीत आहेत, बाकीचे कधीच कंटाळून गेले.

पण आज डोकं फिरलंय, कारण मला सारखी ती रात्र आठवतेय. बाबांची.

काहींनी हा किस्सा माझ्या तोंडून ऐकलाय, तेव्हा मी तो हसवायला सांगितला होता. रात्रीचे अडीच वाजले असतील. पॅसेजमधून आवाज येतोय. बाबा, एकेक शब्द सुटा करून, शाळेत कविता म्हणावी तसे म्हणतायत, "टर्न. ऑन. पॅसेज. लाइट." थोडं थांबून पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटी "प्लीज". आणि तो खोलीतला स्पीकर, तसाच गोड आवाज काढून, इंटरनेटला जोडता येत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करतोय. बाबा त्याला म्हणाले, "असू दे, असू दे." मग भिंत चाचपत गेले.

मित्रांमध्ये काय हशा पिकला होता यावर! 'असू दे, असू दे' ही आमच्या ग्रुपमध्ये म्हणच झाली. कोणाचाही लॅपटॉप अडकला की असू दे, असू दे.

आता यात गंमत काय आहे ते बघा, आणि गंमत म्हणतेय ती दात-ओठ खाऊन. बाबा पॅसेजमध्ये. दिवा त्यांच्या डोक्यावर, फार तर चार फूट. स्पीकर पलीकडच्या खोलीत, राउटर हॉलमध्ये. सगळी मंडळी एका छपराखाली. पण बाबांचा आवाज आधी जाणार इंटरनेटवरून स्पीकरवाल्याच्या सर्व्हरवर, तिथे त्याचा अर्थ लागणार. मग तो सर्व्हर दिवेवाल्याच्या सर्व्हरला सांगणार, तो दिव्याला, आणि मग दिवा लागणार. एवढी वरात फिरून येते ती साधारण एका सेकंदात, म्हणून आपल्याला कळत नाही. वरातीतला एक जरी गळाला तरी बाबा अंधारात. हे कोणी केलं? तंत्रज्ञानाला याची काही गरज नव्हती. घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय दिवा लावायची सोय झिगबीसारख्या, उपकरणांना थेट एकमेकांशी बोलू देणाऱ्या रेडिओत कधीपासून आहे. पण मग ॲपमध्ये खातं कोण उघडणार, आणि आपण रात्री कितीदा उठतो हे त्यांना कोण सांगणार?

हो, सर्व्हर फुकट चालत नाही, त्याचं बिल कोणीतरी भरावं लागतं. मान्य. मग तसं खोक्यावर छापा ना! 'हा दिवा आमचे पैसे संपेपर्यंत हुशार राहील.'

आणि हे काही आजचं नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका ठिकाणी आणणारा. विकताना सोबत 'आजीवन' सेवा होती. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून टाकला. लोकांच्या कपाटावर दीड वर्षात शोभेची वस्तू. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, हे विचारायचं राहून गेलं सगळ्यांचं. ह्युमेन कंपनीची ती छातीवर लावायची, बोलून चालणारी एआय पिन आठवते? मी तिच्यासाठी किती उड्या मारल्या होत्या इथेच, जुन्या पोस्ट काढून माझी चेष्टा करू नका. एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडली, २८ फेब्रुवारी २०२५ ला बंद. वर्षसुद्धा भरलं नाही. एवढ्या वेळात माझ्या चपला झिजत नाहीत.

बरं, सर्व्हर नसेल तर बॅटरी आहेच घात करायला. इअरबडमधली ती इवलीशी बॅटरी, पन्नासेक एमएएच, चिकटवून बंद केलेली. दोन-तीन वर्षांत एक कान आधी जातो, आणि मग आपण एका कानाने बहिरे असल्यासारखे फिरतो. युरोपीय संघाने आता कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. त्या अपवादांत काय काय घुसवतात ते बघूच. पण चार्जरचं त्यांनी करून दाखवलं, यूएसबी-सी आणलंच सगळ्यांकडे, म्हणून जरा आशा आहे. असो, हा वेगळा राग आहे, तो वेगळ्या दिवशी.

दिव्यांवर येते.

त्या किश्श्यातला एक भाग मी कधी कोणाला सांगितला नव्हता. स्मार्ट दिवा वापरणाऱ्या प्रत्येकाला ही भानगड माहीत आहे: त्याला चोवीस तास वीज लागते. भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की दिवा वाय-फायवरून गायब, ॲपमध्ये राखाडी, वेळापत्रक चुकलं. आमच्याकडे हे रोज व्हायचं, कारण बाबा आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करत आले. वीज वाया घालवायची नाही, हा त्यांचा धर्म. आणि मी रोज त्यांच्यावर वैतागायचे. शेवटी सातही बटणांवर सेलोटेप लावली. रुंद, पारदर्शक, दोन पदरी. आणि वर सांगितलं, "बाबा, या बटणांना हात लावू नका हं आता."

त्या रात्री सेलोटेप सोलून बटण एकदा बंद करून चालू केलं असतं, तर दिवा लागला असता! तसाच बनवलेला असतो तो, वीज जाऊन आली की लागतो. इंटरनेट नको, सर्व्हर नको, 'प्लीज' नको. बाबांचा हात भिंत चाचपताना त्या बटणावरून गेला असणारच, दाराच्या अगदी शेजारी आहे ते. पण लेकीने सांगितलं होतं हात लावू नका.

जरा थांबते.

…

परत आले. मधल्या वेळात दोघींचे मेसेज आले की पोस्ट अर्धीच दिसतेय. अर्धीच आहे. भावना पोचल्या, धन्यवाद.

सकाळी लिहायला बसले तेव्हा सगळा राग कंपनीवर होता. तो आहेच, कमी झालेला नाही. पण कंपनीने सेलोटेप नव्हती लावली. ज्या माणसाने मला पहिला स्क्रू पिळायला शिकवला, रेडिओचं मागचं झाकण उघडून 'याला हात लाव, याला लावू नको' असं दाखवलं, त्याच्या घरातलं बटण मी बंद करून टाकलं आणि त्याला परक्या भाषेतलं वाक्य पाठ करायला लावलं. ते पाठ करायलाही बाबांना तीन दिवस लागले होते. 'पॅसेज' म्हटलं की स्पीकरला भलतंच काहीतरी ऐकू यायचं. बाबा आरशासमोर उभं राहून सराव करायचे, मी व्हिडिओ काढलाय त्याचा. गोड वाटला होता तेव्हा.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर तुमच्यातला कोणीतरी लिहिणारच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने बाबा पलंगावर होते, तेव्हा त्याच दिव्यांचा त्यांना फार उपयोग झाला. पडल्या पडल्या दिवा लागायचा, कोणाला हाक मारायला लागायची नाही. हे खरं आहे. बाबांना ते आवडायचंही. पाहुण्यांसमोर मुद्दाम लावून दाखवायचे.

म्हणून स्मार्ट दिवे वाईट, जुनं ते सोनं, कंदील लावा, असलं काही मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे काका इथे भरपूर आहेत आणि ते ते सगळं फोनवरूनच टाइप करतात. उद्या चांगलं काही आलं की पहिल्या रांगेत मीच असणार. मला फक्त भिंतीवरचं बटण परत हवंय. बोलणं, ॲप, वेळापत्रक हे सगळं त्याच्या वर चढवलेलं असू दे. वरचे सगळे मजले पडले तरी तळाला खट् शिल्लक पाहिजे.

होम असिस्टंटवाले मित्र, म्हणजे त्या प्रणालीवर घरातली स्मार्ट उपकरणं स्वतःच चालवणारे, आता हसत असतील. हो रे बाबांनो, सांगितलं होतंत. २०१३ पासून चालू आहे तो प्रकल्प, फुकट आहे, घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतो, कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही, सगळं पाठ झालंय मला तुमच्या कृपेने. मी म्हणायचे की शनिवार-रविवार कोण घालवणार त्यात. आता घालवणार. मॅटरचंही ऐकलंय, सगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं ते सामायिक मानक, २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि घरातल्या घरात चालणं हा त्याचा पायाच आहे. पण माझ्या सात दिव्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी तसं अपडेट कधी आलंच नाही. सात दिव्यांपैकी एक उघडून पाहिला, आतल्या चिपवर आपलं फर्मवेअर, म्हणजे दिवा चालवणारा प्रोग्रॅम, टाकता येईल का म्हणून. सगळं चिकटवलेलं. घुमट तुटला. आता सहा.

संध्याकाळी पॅसेजमधल्या बटणावरची सेलोटेप काढली. चार वर्षांत ती पिवळी पडली होती, निघताना तुकडे तुकडे झाले, आणि खाली चिकट चौकोन राहिला तो अजून गेला नाही. खोडरबराने घासून पाहिलं, तेलाने पुसून पाहिलं. बाबा शेजारी उभे होते, बॅटरी घेऊन. हो, तीच, सेलवाली. माझ्या फोनच्या प्रकाशापेक्षा ती बरी पडते असं त्यांचं म्हणणं, आणि पडते.

मी म्हटलं, बाबा, झालं, आता वापरा. त्यांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, "लावू ना?"

मी यावर काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आता कामाचं. दिवे साधे लावायचे आणि हुशारी बटणाच्या मागे, भिंतीतल्या पेटीत, रिले (दुरूनही चालू-बंद करता येणारा छोटा स्विच) बसवून आणायची असं ठरवलंय. म्हणजे बटण बटणासारखं चालेल आणि शिवाय बोलूनही लागेल. मुख्य स्विच पाडून पेटी उघडली तर कळलं की पॅसेजच्या बटणाला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर आलेलीच नाही, नुसती फेज, म्हणजे वीज आणणारी, आणि दिव्याकडे जाणारी. न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात हे माहीत आहे, पण एलईडी दिवा कमी वॅटचा असेल तर बंद केल्यावरही मिणमिणत राहतो म्हणतात, आणि त्यासाठी दिव्यापाशी एक बायपास, म्हणजे ती झिरपणारी वीज वळवणारा छोटा भाग, लावावा लागतो. तुमच्यापैकी कोणी हे खरंच बसवून वर्षभर वापरलंय का? यूट्यूबच्या लिंका नकोत, स्वतःच्या भिंतीतलं सांगा. आणि इंटरनेट बंद करून तपासलेलं असेल तरच सांगा.

इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय. बाबांनी त्याला आधीच फोन करून सांगितलंय की पोरगी जे म्हणेल ते ऐका, पण बटण माझ्या उंचीला ठेवा.