डिकन्स हप्त्याहप्त्यानेच वाचावा

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या लोक उत्साहाने हातात घेतात आणि शंभरेक पानांवर सोडून देतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'भाषा जड आहे'. मला हे पटत नाही. भाषा पन्नास पानांत अंगवळणी पडते. अडचण वेगाची आहे. यातल्या बऱ्याच कादंबऱ्या आधी साप्ताहिकांतून किंवा मासिक भागांतून छापून आल्या आणि आपण त्या दोन रात्रींत संपवायला बसतो. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' जशी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली, तशीच तिकडची रीत होती.

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या. डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात दुसऱ्या एका लेखकाची कादंबरी चालेना, खप घसरला. मग मासिक भागांसाठी योजलेली ही गोष्ट डिकन्सने साप्ताहिकात आणली. १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१, ३६ हप्ते, ५९ प्रकरणं. दर आठवड्याला जागा थोडी, त्यामुळे पाल्हाळाला वाव कमी. पहिल्या हप्त्यात दोनच प्रकरणं होती. दलदलीकाठच्या कबरस्तानात पळालेला कैदी छोट्या पिपला उचलून उलटा धरतो, कानस आणि खायला आण म्हणून दम देतो. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ते पोर पहाटे बहिणीच्या फडताळातला पोर्क पाय आणि मेव्हण्याच्या हत्यारांतली कानस घेऊन धुक्यात धूम ठोकतं. तिथे हप्ता संपला! तुम्हीही तिथेच पुस्तक मिटा, निदान एक रात्र तरी. पिपच्या पोटातला गोळा आपल्या पोटात यायला तेवढा वेळ लागतोच.

पहिला डिकन्स म्हणून मी हीच कादंबरी सुचवेन. 'ब्लीक हाउस' माझ्या मते त्याहून थोर, पण ६७ प्रकरणांची. १८५२-५३ मध्ये ती महिन्याला ३२ पानं, किंमत एक शिलिंग, अशी निघाली. २० भाग, शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ हप्ते. आठवड्याला एक हप्ता, म्हणजे साधारण तीन-चार प्रकरणं धरली की साडेचार महिन्यांत आरामात होते. तिच्यात निवेदक दोन: एक निनावी, वर्तमानकाळात बोलणारा, दुसरी एस्थर, भूतकाळात सांगणारी. मध्ये महिनाभर खंड पडला की कोण कुणाचा वकील आणि कोण कुणाचा नातलग, सगळं विसरायला होतं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नावं लिहीत जा. प्रत्येक नावापुढे ते पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात आलं तो आकडा टाका, कारण डिकन्स कोपऱ्यातल्या माणसाला चारशे पानांनी परत आणतो आणि तेव्हा मागे जाऊन बघावंच लागतं.

जेन ऑस्टेन हप्त्यांची नव्हे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ मध्ये तीन खंडांत आली, प्रकरणं ६१ आणि तीही आखूड. इथे वाचक चुकतो तो पैशाच्या हिशेबात. आकडे नजरेआड केले की उरते ती नुसती लग्न जुळवाजुळवीची गोड गोष्ट. बेनेट यांची जमीन वर्षाला २,००० पौंड देते, पण ती वारसाहक्काने जाणार दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे, कारण घरात पाच मुलीच. १९व्या प्रकरणात हाच कॉलिन्स बेनेटांच्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालताना तिच्या तोंडावर सांगतो की तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाचे हजार पौंड, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. पुढे तिला मागणी घालणाऱ्या डार्सीचं उत्पन्न १०,००० पौंड, तिच्या अडीचशे पट. ३४व्या प्रकरणात ती त्याला नकार देते तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या. आणि तिची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला हो का म्हणते, तेही मग वेगळं समजवावं लागत नाही. तिला नावं ठेवणाऱ्या वाचकांचा मला रागच येतो.

'वुदरिंग हाइट्स' (१८४७) मध्ये लोक नावांत अडकतात, आणि अडकणं साहजिक आहे. आई कॅथरिन, मुलगी कॅथरिन. हीथक्लिफ हेच नाव आणि हेच आडनाव. लिंटन हे शेजारच्या घराण्याचं आडनाव आणि पुढे हीथक्लिफच्या मुलाचं नाव. पण तिसऱ्या प्रकरणात हीथक्लिफचा भाडेकरू लॉकवुड याला खिडकीच्या कठड्यावर कोरलेली तीन नावं दिसतात: कॅथरिन अर्नशॉ, कॅथरिन हीथक्लिफ, कॅथरिन लिंटन. ती वहीत उतरवून घ्या. आई अर्नशॉची लिंटन होते. मुलगी लिंटनची हीथक्लिफ होते आणि शेवटी अर्नशॉ व्हायला निघते. अख्ख्या कादंबरीचा नकाशा एमिली ब्राँटेने तिथेच देऊन ठेवला आहे, फक्त पहिल्या वाचनात तो कळत नाही. पहिली तीन प्रकरणं चिकाटीने काढा, चौथ्यात घर सांभाळणारी नेली डीन सांगायला लागली की गाडी रुळावर येते.

टॉमस हार्डीकडे वळताना 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'ने सुरुवात नको, तिचं पहिलं प्रकरण निव्वळ माळरानाचं वर्णन आहे. 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' घ्या. पहिल्याच प्रकरणात दारूच्या नशेत माणूस जत्रेत बायको आणि मुलगी एका खलाशाला पाच गिनींना विकतो.

'मिडलमार्च' सगळ्यात शेवटी. लोक ती अकराव्या-बाराव्या प्रकरणाशी सोडतात, कारण नायिका डोरोथिया बाजूला पडून डॉक्टर लिडगेट आणि व्हिन्सी कुटुंब सुरू होतं. जॉर्ज एलियटने दोन वेगळ्या कथा एकत्र शिवल्या, त्याचा सांधा तिथे आहे. विसाव्या प्रकरणापर्यंत दम धरा, डोरोथिया रोममध्ये परत भेटते.

आवृत्ती निवडताना संक्षिप्त घेऊ नका, त्यात घटना राहतात आणि सांगणाऱ्याचा आवाज जातो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर या सगळ्या फुकट आहेत. फक्त 'वुदरिंग हाइट्स' टिपांसह घ्या, त्यातल्या म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची यॉर्कशायरी बोली टिपांशिवाय कळत नाही. आणि प्रस्तावना पुस्तक संपल्यावरच उघडा. अभ्यासकांच्या प्रस्तावनांत कोण मरतं आणि कोण कुणाशी लग्न करतं, हे बहुतेक वेळा पहिल्या चार पानांतच सांगून टाकलेलं असतं.