हेड बदलायचं की अख्खा प्रिंटर सोलायचा?

काहून बाप्पा, थ्रीडी प्रिंटरच्या हेडजवळ (प्लास्टिक वितळवून सोडणाऱ्या भागाजवळ) तारा जोडायचा-सोडवायचा एक धड कनेक्टर देता येत नाही? नोझल, म्हणजे हेडचं तोंड, चोंदलं की हीटर, थर्मिस्टर (तापमान मोजणारा), दोन पंखे, साऱ्यांच्या तारा पार बोर्डापर्यंत उकलत बसा! तालुक्याच्या दुकानात मागा, तर जेएसटी एक्सएच हा बारका कनेक्टर हातात ठेवतात. अरे, १२ व्होल्टवर ४० वॅटचा हीटर ३.३ अँपिअर ओढतो, अन् या कनेक्टरची मर्यादाच ३! पिन तापून काळी पडते. हीटरला जास्त करंट झेपणारा एक्सटी३० कनेक्टर द्या, बारक्या तारांना लॉकवाला मायक्रो-फिट कनेक्टर! अन् या बारक्या तारांना नुसतं सोल्डर काहून करता? हेड सारखं हलतं, सोल्डर संपतं तिथंच तार तुटते. क्रिम्प करा ना, म्हणजे तार पिनेत दाबून पक्की बसवा! पण त्या क्रिम्पिंगच्या पक्कडीसाठीही नागपूरच गाठायचं? फवारणी पंपाचा वायसर गावात मिळतो, मग हे काहून नाही?